उपासाचा तांबडा

लग्न होऊन मी मिरजेहून आले,
त्या डिसेंबरात पहिल्यांदा पाहिलं:
नाताळच्या आदल्या संध्याकाळी या घरात मटण नाही.
कोल्हापुरात, म्हणजे बघा.
सकाळपासून पातेल्यात बीट शिजतंय,
लाल पाण्यात कांदा, लसूण, जिरं,
वरून चिमूटभर तिखट,
मीठ नाही,
आणि सगळे त्याला म्हणतात
उपासाचा तांबडा.

टेबलावर आधी उसाचा पाला पसरायचा,
त्यावर पांढरी चादर.
कोपर टेकवलं की कुरकुरतं खाली काहीतरी, टोचतं.
"गव्हाण," सासरे म्हणाले,
एवढंच, आणि चष्मा पुसत बसले.

पोरांना गच्चीवर पाठवायचं.
पहिली चांदणी दिसल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत.
एका साली आभाळ भरलेलं,
तेव्हा उद्यमनगरातल्या कुठल्याशा चिमणीवरचा दिवा
आम्ही चांदणी म्हणून पास केला.
भुका लागल्या होत्या.

आणि एक ताट जास्तीचं.
"शमुवेलचं," सासूबाई म्हणाल्या, दबक्या आवाजात.
शमुवेल म्हणजे तबीथाआत्यांचा थोरला भाऊ,
चव्वेचाळीसला इटलीत गेला, लॉरीसकट.
भिंतीवर आहे तो,
टोपी जरा मोठी झालेली.

तबीथाआत्या अठ्ठ्याऐंशीच्या होत्या.
कोमट पाण्यात पाय भिजवून
मी त्यांची नखं कापत होते
(नर्सची सून केली की घराला हा फायदा).
मध्येच म्हणाल्या, शमूचं नव्हं ते.
ताट आधी आलं, पोरी. दुःख मागनं.

वळिवड्याच्या छावणीत अंडी विकायला जायच्या त्या,
चौदा वर्षांच्या,
टोपलीत कोंडा घालून.
पोलंडच्या बायका तिथं,
बर्फातनं हाकललेल्या,
आमच्या उन्हानं नाकाची सालं निघालेल्या.
त्यातली एक यान्का.
पैशाऐवजी बीट द्यायची, दारात लावलेलं.
साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर,
बीट मात्र टोपलीभर.

त्रेचाळीसच्या नाताळात
यान्कानं आत्यांना आत ओढलं, जेवायला बसवलं,
एका मोकळ्या ताटापुढं.
भाषा कुठली असणार?
आत्यांनी ताटावर हात फिरवला: कुणाचं?
यान्कानं दाराकडं बोट केलं.
मग आत्यांकडं.

घरी येऊन आत्यांनी पुढच्या खेपेला
सगळं तसंच मांडायचं म्हटलं.
आईनं दोन शिव्या दिल्या
आणि पाला आणायला स्वतः गेली.
तोवर तार आली होती.
ताट मांडलेलंच होतं,
शमूला जागा शोधावी लागली नाही.

युद्ध संपलं, छावणी उठली, यान्का गेली.
आफ्रिकेला म्हणतात, विलायतेला म्हणतात.
एक पत्र आलेलं, कुणाला वाचता येईना.
रेशनकार्डाच्या पिशवीत आहे अजून.
माझा अनुग्रह म्हणतो, फोन नुसता वर धरला
की भाषांतर होतं आता.
फोन त्याच्या हातातच असतो.
धरत नाही.

आत्या गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी,
चांदणी निघून गेलेली, आम्ही बसलेलो,
बेल वाजली.
पार्सलवाला पोरगा, पत्ता शेजारच्या गल्लीचा,
हेल्मेट काखेत, ओठ थंडीनं फुटलेले.
कुणी काही ठरवलं नाही.
सासऱ्यांनी फक्त खुर्ची ओढली.

बसला. पाला टोचला तसा जरा उठला,
परत बसला.
दोन वाट्या प्यायला. भात घेतला.
मग घरभर बघून, अगदी अदबीनं,
"मीठ न्हाई वो काकी ह्यात."

पंच्याहत्तर वर्षांत
कुणी बोललं नव्हतं.

सासरे इतके हसले की चष्मा पडला.
तेव्हापासून मिठाची एक वाटी असते
त्या ताटापाशी.
आम्ही घेत नाही.